पेन्शन कुणाची, पैसा कुणाचा?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढून इथे देत आहोत.)



मला दिलेला विषय आहे 'सरकारी व लष्करी पेन्शन आणि करदात्यांचा पैसा'. हा विषय का निघाला ते इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मार्च २०२३ मध्ये राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी आणि शिक्षकांनी जुन्या पेन्शनसाठी संप केला. त्या संपाला पाठिंबा द्यायचा की नाही यावरून आपल्या बैठकीत जोरात वाजलं होतं. ते भांडण मिटलं नाही, नुसतं थांबलं. आज या हॉलमध्ये सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका आहेत, जिल्हा परिषदेच्या शिक्षिका आहेत, अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस आहेत, धुणीभांडी करणाऱ्या आहेत, दोघी-तिघी फौजींच्या घरातल्या आहेत. एकीला पेन्शन हा आपला हक्क वाटतो, दुसरीला तो आपल्या ताटातून उचललेला घास वाटतो. आणि दोघी एकाच संघटनेच्या! तेव्हा भाषणात कुणाला बरं वाटावं म्हणून मी बोलणार नाही.

आधी हा 'करदाता' कोण ते बघू. वर्तमानपत्रात 'करदात्यांच्या पैशावर किती दिवस पोसायचं' असं छापून येतं तेव्हा डोळ्यांपुढे इन्कमटॅक्स भरणारा, शर्ट खोचलेला एक पुरुष उभा राहतो. पण १ जुलै २०१७ पासून देशात जीएसटी आहे. मोबाइलचं रिचार्ज मारलं की अठरा टक्के. चपला, साबण, गॅसची टाकी, सगळ्यावर थोडाथोडा. तुम्ही ज्या सहा आसनी रिक्षाने इथे आलात तिच्या डिझेलवर केंद्राचा कर वेगळा, राज्याचा वेगळा. चार घरची भांडी घासणारी बाई रोज कर भरते, फक्त तिला पावती मिळत नाही. 'करदाती' हा शब्द कोशात आहे की नाही कोण जाणे, पण बाई आहे. म्हणून 'आपल्या पैशाचं काय होतं' हे विचारायचा अधिकार तिला इन्कमटॅक्सवाल्याइतकाच आहे, आणि मी हा प्रश्न तिच्या बाजूने विचारणार आहे.

पेन्शन म्हणजे काय यावर सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल दिला. डी. एस. नाकारा यांचा खटला. ३१ मार्च १९७९ या तारखेआधी निवृत्त झालेल्यांना जुनं सूत्र, नंतरच्यांना नवं आणि जास्त लाभाचं, असं सरकारने केलं होतं. न्यायालयाने ही तारखेची भिंत पाडली आणि सांगितलं की पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. सोप्या भाषेत, पगाराचा एक भाग मालकाने मागे ठेवला आणि म्हातारपणी दिला. निवृत्त मंडळी १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात तो याच निकालामुळे. मला हे तत्त्व शंभर टक्के मान्य आहे. माझी सगळी तक्रार पुढची आहे, ती ही की हे तत्त्व कुणाला लागू करायचं हे कोण ठरवतं.

जुन्या योजनेत शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन मिळायची आणि महागाई वाढली की तीही वाढायची. त्यासाठी पगारातून काही कापलं जात नसे. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून नव्याने लागणाऱ्यांसाठी हे बंद केलं, लष्कर तेवढं वगळलं. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून बंद केलं. त्यानंतर लागलेल्यांच्या पगारातून दहा टक्के कापायचे, सरकारने आधी तेवढेच आणि पुढे चौदा टक्के घालायचे, ते पैसे बाजारात गुंतवायचे, आणि निवृत्तीच्या दिवशी जे निघेल ते तुमचं. एकाच शाळेत, एकाच बाकाशी शिकवणाऱ्या दोघींपैकी एकीला म्हातारपण किती रुपयांत काढायचं ते माहीत आहे, दुसरीला नाही. तेव्हा ज्या शिक्षिका आणि परिचारिका संपावर गेल्या त्या चैनीसाठी गेल्या असं मी म्हणणार नाही.

बाईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ती उशिरा नोकरीला लागते. बाळंतपणं उरकून, मुलं शाळेत घालून, किंवा नवरा गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर. बाजारावरच्या योजनेत कमी वर्षं म्हणजे कमी साठा. मग केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये एकत्रित पेन्शन योजना मंजूर केली आणि १ एप्रिल २०२५ पासून ती लागू झाली. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तर दुसऱ्याच दिवशी तिला मान्यता दिली. यात पगाराच्या निम्मी पेन्शन परत आली, पण पूर्ण निम्मी मिळायला पंचवीस वर्षं सेवा पाहिजे. छत्तिसाव्या वर्षी लागलेली बाई साठाव्या वर्षी निवृत्त झाली तर चोवीसच भरतात. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण होतं ते यावरून कळतं.

आता पैशाची बाजू. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस म्हणाले होते की जुनी पेन्शन आणली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. कर्मचारी संघटना म्हणाल्या, आकडे फुगवले आहेत. मी अर्थतज्ज्ञ नाही. पण 'सरकारकडे पैसा भरपूर आहे' असं आपल्याकडच्या काही जणी टाळ्या घेत म्हणाल्या, ते मला पटलं नाही. पैसा मोजका असतो आणि एकीकडे गेला की दुसरीकडे कमी पडतो. घर चालवणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला नको.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकातले दोन आकडे सांगते. संरक्षण खात्याच्या पेन्शनसाठी १ लाख ६० हजार कोटींहून जास्त, म्हणजे सगळ्या संरक्षण खर्चाचा जवळजवळ चौथा हिस्सा. ही पेन्शन घेणारे चौतीस लाखांच्या आसपास. आणि दारिद्र्यरेषेखालचे म्हातारे, विधवा, अपंग या सगळ्यांसाठी जो राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम आहे त्याला ९ हजार ६५२ कोटी. हे घेणारे तीन कोटींच्या आसपास. साठ ते एकोणऐंशी वयाच्या म्हातारीला केंद्राचा वाटा महिना दोनशे रुपये. १५ ऑगस्ट १९९५ ला ही योजना सुरू झाली तेव्हा पंच्याहत्तर होते, २००६-०७ मध्ये दोनशे झाले, आणि तिथेच थांबले. तिच्या पेन्शनला महागाई भत्ता नाही. महागाई फक्त सरकारी नोकरांनाच लागते असं दिसतं.

राज्याने त्यात भर घातली, ते नाकारत नाही. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजनांचे २०२३ मध्ये हजाराचे दीड हजार केले. (म्हातारपणाच्या योजनेला नावसुद्धा मुलाचं! आईबापांना खांद्यावर वाहणारा श्रावण. मुलींनी ओढलेल्या म्हातारपणाच्या नावाने अजून एकही योजना नाही.) मात्र उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं एकवीस हजारांच्या पुढे सरकली नाही. एकवीस हजार भागिले बारा करा. महिन्याला साडेसतराशेच्या आत कमावते असा तलाठ्याचा दाखला आणायचा तेव्हा तिला दीड हजार. आठवड्यातून तीन दिवस रोजाने गेली तरी ती या मर्यादेबाहेर, म्हणून दाखल्यावर खोटं लिहावं लागतं. हे खोटं आम्ही कार्यकर्त्याच लिहायला मदत करतो, हेही सांगून टाकते. जुलै २०२४ पासूनच्या लाडकी बहीण योजनेतही दीड हजारच आहेत, आणि ते पासष्टाव्या वर्षी थांबतात. म्हणजे हातपाय चालत नाहीत त्या वयात ही बहीण लाडकी राहत नाही.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की लगेच कुणीतरी म्हणतं, मग काय, जवानाची पेन्शन तोडायची? नाही. जवान पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. पंधरा वर्षं सेवा केली की त्याची पेन्शन पक्की होते, कारण सैन्याला तरुण माणसं लागतात आणि त्या वयात दुसरी चांगली नोकरी मिळत नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तिथे घरटी फौजी सापडतो. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे सेहेचाळीस जण गेले. अशा गावांतली घरं बायकांनी मनिऑर्डरवर आणि पुढे पेन्शनवर उभी केली. 'समान पद, समान पेन्शन' ही माजी सैनिकांची मागणी सरकारने नोव्हेंबर २०१५ मध्ये मान्य केली, तेव्हा मला ती न्याय्यच वाटली.

पण फौजीची पेन्शन बाईच्या हातात येते ती कशी, ते बघा. शौर्यपदकासोबत दरमहा भत्ता असतो. जवान गेल्यावर तो भत्ता विधवेला मिळे. तिने दुसरं लग्न केलं तर बंद. मात्र दिराशी लग्न केलं तर चालू! हा नियम कुणा गावच्या पंचायतीचा नव्हता, भारत सरकारच्या संरक्षण मंत्रालयाचा होता, आणि तो रद्द व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं. नियम गेला, पण मनातून गेला नाही. आमच्या समुपदेशन केंद्रात तेवीस वर्षांची एक वीरपत्नी आली होती. सासरच्यांनी धाकट्या दिराशी तिचं जमवायचं ठरवलं होतं. तो तिच्याहून तीन वर्षांनी लहान. सासरा शांतपणे म्हणाला, "पोरगी चांगली आहे, अन् पैसा घरातला घरात राहील." त्या माणसाला मी दुष्ट म्हणणार नाही, त्याचा मुलगा गेला होता. पण त्याच्या हिशोबात सून आणि पेन्शन या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

आणि ज्या बायका स्वतः सैन्यात गेल्या? १९९२ पासून वैद्यकीय आणि परिचर्या विभागांखेरीज इतर विभागांतही स्त्रिया अधिकारी होऊ लागल्या, पण अल्पमुदतीच्या सेवेत, जास्तीत जास्त चौदा वर्षं. अधिकाऱ्याची पेन्शन मिळायला वीस वर्षं लागतात. म्हणजे दारातून आत घेतलं आणि पेन्शनच्या खोलीला कुलूप लावून ठेवलं. १७ फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने बबिता पुनिया खटल्यात स्त्रियांना कायम कमिशन द्यायला सांगितलं तेव्हा ते निघालं. मधल्या अठ्ठावीस वर्षांत कितीजणी चौदा वर्षं देऊन रिकाम्या हाताने घरी आल्या असतील.

बोजा कमी करायचा म्हणून सरकारने जून २०२२ मध्ये अग्निपथ आणलं. चार वर्षं नोकरी, शंभरातले पंचवीसपर्यंत पुढे कायम, बाकीच्यांना अकरा-बारा लाख एकरकमी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. अग्निवीर कामी आला तर घरच्यांना विम्याची आणि भरपाईची रक्कम मिळते, पण दरमहाची कुटुंब पेन्शन नाही. आपल्याकडे एकरकमी पैशाचं काय होतं ते सांगायला नको. तो भावाच्या ट्रॅक्टरमध्ये जातो, घराच्या स्लॅबमध्ये जातो, आणि बाई पुन्हा दुसऱ्याच्या रानात. दरमहा बाईच्या खात्यावर येणारी थोडकी रक्कम तिला घरात जी किंमत देते ती लाखाच्या चेकने येत नाही. म्हणून करदात्यांचा पैसा वाचवायचा हा मार्ग मला मान्य नाही.

आता बायकोच्या नात्याने मिळणाऱ्या पेन्शनकडे येऊ, कारण आपल्याकडे येणाऱ्या निम्म्या भानगडी तिथल्या असतात. नवऱ्याला पगाराच्या पन्नास टक्के, तो गेल्यावर विधवेला सर्वसाधारणपणे तीस. नव्या एकत्रित योजनेतही हिशोब तोच, पेन्शनच्या साठ टक्के. घरातलं एक माणूस गेलं म्हणून भाडं आणि औषधं कमी होत नाहीत, पण ते असो. खरा प्रश्न टाकलेल्या बाईचा आहे. सेवापुस्तकात नाव कुणाचं, जोडीचा फोटो कुणाबरोबरचा? एका बाईचा नवरा शिक्षक. सोळा वर्षं नांदवलं नाही, घटस्फोटही दिला नाही. तो वारल्याचं तिला तेराव्यानंतर कळलं. कचेरीत गेली तर कारकून म्हणाला, "तुमचं नावच नाही, दुसऱ्याच बाईंचं आहे." लग्नाचा पुरावा म्हणून तिच्याकडे एक पत्रिका होती, उंदरांनी कुरतडलेली. अडीच वर्षं लागली. कायदा पहिल्या लग्नाच्या बायकोच्या बाजूने आहे, पण कायदा तिच्या दारात चालत येत नाही. ज्या नांदत नाहीत त्यांनी नवरा जिवंत असतानाच त्याच्या कचेरीला रजिस्टर पत्र पाठवून ठेवावं आणि पोचपावती जपावी. पेन्शन जप्त होत नाही असं १८७१ च्या कायद्यात आहे आणि नवरे ते कोर्टात उगाळतात. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोटगीसाठी पेन्शनवर टाच आणता येते असा निकाल दिलेला आहे. वकील माहीत नाही म्हणाला तर शोधायला लावा.

उलट बाजूही आहे. बाई नोकरीत, नवरा मारहाण करणारा, आणि ती गेल्यावर पेन्शन त्यालाच! जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने नियम बदलला. घटस्फोटाचा दावा किंवा कौटुंबिक हिंसाचाराची, हुंड्याच्या छळाची तक्रार चालू असेल तर केंद्राची कर्मचारी स्त्री नवऱ्याआधी मुलांचं नाव लेखी देऊ शकते. इथे पोस्टातल्या, रेल्वेतल्या कुणी असाल तर चौकशी करा.

आता ज्या विषयावर आपलं भांडण झालं तिथे येते. अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. पन्नास वर्षं झाली. सेविका पोषण आहार बघते, वजनं घेते, गरोदर बायकांच्या नोंदी करते, जो सर्व्हे येईल तो करते. करोनात घरोघर तीच फिरली. पण ती कर्मचारी नाही, मानसेवी. तिला पगार नाही, मानधन. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून तिच्या मानधनाचा आकडा साडेचार हजार ठरवला, बाकी राज्य घालतं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ही शासकीय पदं नाहीत. २५ एप्रिल २०२२ ला त्याच न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात सांगितलं की ग्रॅच्युइटीचा कायदा मात्र त्यांना लागू आहे, अंगणवाडी ही आस्थापना आहे आणि मानधन हे वेतनच आहे. तरी ४ डिसेंबर २०२३ पासून पुढच्या जानेवारीपर्यंत आपल्या राज्यातल्या सेविका-मदतनिसांना संपावर बसावं लागलं, मागण्यांत ग्रॅच्युइटी आणि पेन्शन.

करदात्यांच्या पैशाचा अन्याय मला दिसतो तो इथे. त्याच गावात, त्याच योजनांचं काम करणाऱ्या ग्रामसेवकाची सेवा ही सेवा, आणि सेविकेची सेवा मात्र पुण्यकर्म. आशाताईंचं तेच, करारावरच्या परिचारिकांचं तेच. तिथे बहुतेक बायकाच आहेत हा योगायोग नाही. मुलं सांभाळणं, आजारी माणसाचं करणं ही कामं बाई घरात फुकट करते, म्हणून सरकारनेही ती जवळजवळ फुकटात मिळायची वस्तू धरली. नाकारा खटल्यात पेन्शन म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला हे एकदा ठरलं, तर तीस वर्षं सरकारचं काम केलेल्या बाईला तो कोणत्या न्यायाने नाकारायचा?

कर्मचारी संघटनांच्या मैत्रिणींना एक कडू सांगायचं आहे. तुमची घोषणा होती 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. त्या एकात आम्ही नव्हतो. अंगणवाडीच्या संपात आमच्या तालुक्यात तुमचं पाठिंब्याचं पत्र आलं, माणसं आली नाहीत. मी स्वतः अकरा महिन्यांच्या करारावर प्रकल्पात काम करते. कायम कर्मचाऱ्याने आपली पेन्शन वाचवताना शेजारच्या टेबलावरची करारवाली बाई बघायची नाही, हे मी रोज बघते. आणि अंगणवाडीच्या मैत्रिणींनाही सांगते, शिक्षिकेची पेन्शन बुडाली म्हणून ती तुमच्या खात्यावर येणार नाही. २००५ नंतरच्या कर्मचाऱ्यांची पेन्शन गेली, त्यातून निराधार बाईला केंद्राने दोनशेचे दोनशे एक केले का?

कात्री लावायचीच असेल तर वरून लावा. केंद्रात सातव्या वेतन आयोगानंतर कमीत कमी पेन्शन नऊ हजार आणि जास्तीत जास्त सव्वा लाख, वर महागाई भत्ता. सव्वा लाखाला कमाल मर्यादा घालून थोडी खाली आणली तर कोणी उपाशी मरणार नाही. आमदार एकदा निवडून आला की २०१६ पासून महिना पन्नास हजार. तिथे मात्र बोजा हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही.

पैसा कुठून उभा करायचा याचीही उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. १९६९ चा माथाडी कायदा घ्या. हमालाला एक मालक नसतो, तरी जो माल उचलून घेतो त्याच्याकडून मजुरीवर लेव्ही घेऊन माथाडी मंडळ भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी देतं. घरकामगार बायकांसाठी २००८ चा कायदा झाला, मंडळ झालं, पण लेव्ही नाही, म्हणून पेन्शन नाही. पंचावन्न वर्षांवरच्यांना एकदाचे दहा हजार सन्मानधन, संपलं. सोलापूरच्या विडी कामगार बायकांची भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन १९९५ च्या योजनेतली, तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये हजार झाली. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी २०१२ मध्ये पेन्शन परिषदेच्या वतीने मागितलं होतं की प्रत्येक वृद्धाला किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन द्या, दारिद्र्यरेषेचा दाखला न मागता. सरकारी नोकराला शेवटच्या पगाराच्या निम्मी हे सूत्र आहेच, तेच सूत्र शेतमजूर बाईला लावायचं.

म्हणून पुढच्या वेळी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनच्या लढ्याला आपण पाठिंबा द्यावा, पण बिनशर्त नको. मानधनावरच्या सगळ्या स्त्रिया मागणीपत्रात वरच्या ओळीत असतील आणि सार्वत्रिक वृद्धापकाळ पेन्शन त्यात असेल तरच. ठरावाचा मसुदा केला आहे, त्याच्या प्रती मागच्या टेबलावर आहेत. ज्यांना वाचायला जड जातं त्यांना जेवणाच्या सुट्टीत शेजारणीने वाचून दाखवावा. दुपारी चर्चेला घेऊ, आणि आधी अंगणवाडीच्या मदतनिसांना बोलू द्या, गेल्या वेळी त्यांची पाळी येईपर्यंत शेवटची एसटी निघून गेली होती.